मला बोट लागते

१६ नोव्हेंबर
तलासरीच्या शाळेतून फोन. नौदल दिनाला भाषण हवंय, ‘राजेमहाराजांची आरमारं’. हो म्हणालो. मागोमाग धाकटी डहाणूहून चुलतभाऊ हरेश हजर. नवी बोट रविवारी पाण्यात. “दादा, पैल्या फेरीला तूच पायजे. आपल्या घरातला ऑफिसर!” त्यालाही हो म्हणून बसलो.

१८ नोव्हेंबर
सव्वीस वर्षं नौदलात, कमांडर म्हणून निवृत्त, आणि मला बोट लागते. मोठ्या जहाजांवर गोळ्या नि केबिनमधली बादली यांवर निभावलं. ठाऊक फक्त सुनंदाला, बायको म्हणून लपवता आलं नाही. पण हरेशची बोट केवढीशी, आणि अख्खं गाव किनाऱ्यावर!
नऊ वर्षांचा असताना बाबांनी एकदाच मासेमारीला नेलं. ओकलो. “हा दर्याच्या कामाचा नाय.” एवढंच बोलले आणि पालघरला मामाकडे शाळेत ठेवलं. नौदलात गेलो तो त्या वाक्यावरच्या रागाने.

२१ नोव्हेंबर
भाषणासाठी वाचन. इंग्रजांच्या शाही आरमारातला सगळ्यात गाजलेला अ‍ॅडमिरल, लढाईत हात गमावलेला, त्यालाही जन्मभर बोट लागायची. जोराचा वारा सुटला की आडवा. स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय. सुनंदाला वाचून दाखवलं. “त्याला सांगता आलं. तुम्हाला?”
पाठ धरलीय असं सांगून रविवार टाळावा काय...

२३ नोव्हेंबर, रवि.
गेलो. गोळी घेऊन, पांढरा सदरा घालून. पूजा झाली, नारळ फुटला. खाडीच्या तोंडापर्यंत ठीक. पुढे बोटीच्या काठावर वाकलो तो वाकलोच. पोहे, गोळी, कमांडरकी, सगळं बाहेर. हरेशने मागून कमरेला धरलं. हसला नाही.
“काकांसारखाच तू. तेपन असेच ओकायचे.”
“कोण, बाबा?”
“मंग? जल्मभर. सगळ्या गावाला म्हायती. तुला तेवढं सांगायचं नाय, असा दम होता त्यांचा.”
पुन्हा ओकलो. पण इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर
मस्त झोप. बाजारात मासेवाली म्हणाली, “साहेब, लिंबू ठेवत जा खिशात.” म्हणजे कळलं सगळीकडे. काही बिघडलं नाही. अर्धा डझन लिंबं घेतली.

३ डिसेंबर
उद्या भाषण. सुरुवात आरमारापासून नाही, बादलीपासून करणार. सुनंदा म्हणते, पोरं खूश होतील.
बाबांना एकदा मुंबईला बोलावलं होतं, माझं जहाज दाखवायला. जहाज बाहेर नांगरलेलं, न्यायला लाँच धक्क्याला लागलेली. चढले नाहीत. “इथनंच बघतो. तू जा.” मला वाटलं, अजून मानत नाहीत. तणतणत एकटाच गेलो. मागे वळून पाहिलं तर हातात पिशवी धरून उभेच होते, लाँच लांब जाईपर्यंत. माझ्यासमोर ओकायची लाज वाटली असेल? की खरंच मानत नव्हते? आता कोणाला विचारणार. मी हात तरी हलवायला हवा होता.