मनूची टाच

५ नोव्हें., बुध.
मनूला घेऊन रत्नागिरीला. फिजिओथेरपीच्या मॅडमनी उजवी टाच पुन्हा तपासली. टेकत नाही. पोर आमचा हात धरून चवड्यावरच उभी. "काका, महिनाअखेर टाच खाली आली नाही तर ऑपरेशनसाठी सर्जनना दाखवावं लागेल. मागची शीर आखडलीय." शीर नव्हे, कंडरा. मी सांगितलं. मॅडम हसल्या. मोटारीचं वाइंडिंग मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, वाचून शिकलो. हेही वाचतोय.
येताना रिक्षात मनू: "बाबा, माझी टाच कापणार?" नाही म्हटलं.

८ नोव्हें.
टाच ताणायला उभं राहायची तिरकी फळी नवीन केली. सागाची. कडा घासून गोल. मनूला वर उभी करून समोर बसलो, टाचेखाली कागद सरकवून पाहिला. आरपार जातो. माझ्याकडे बघते नि पाय आणखी ताठ.
सौ.: "अहो, पोरीच्या तोंडाकडे पण बघा कधी."
बघतो की.

९ नोव्हें., रवि.
यंदा पाऊस लांबला म्हणून दारापुढचं खळं करायचं राहिलेलं. चोपून काल झालं. उतार मी पाण्याची नळी लावून काढला, उगाच अंदाजाने नाही. सौ.ने दुपारी शेणाने सारवलं. मी हातखंब्याला दुकानात.
परत येतो तर ओल्या सारवणावर पावलं. मनू पायरीवर बसलेली, पाय घोट्यापर्यंत माखलेले. कोंबडी आली म्हणून खांबाला धरून आपली आपण उतरली, हाकलायला. सौ. विहिरीवर.
कुंपणापलीकडून शेजारची काकी: "काय गो मने, सगळं खळं नासवलंस."
"कोंबडी गेली ना पण."
ओरडणार होतो. खाली बघितलं. डावं पाऊल पुरं. उजव्याची बोटं, चवडा, आणि मागे अर्धी कोर.
टाच.

१० नोव्हें.
ठशात काडी घालून खोली बघितली. चवडा खोल, टाच जेमतेम. आता प्रश्न असा की टाच खाली आली, की मऊ सारवण वर येऊन टाचेला लागलं?
सौ.: "लागली ना? झालं तर."
एवढ्यावर माझं होत नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला.

१२ नोव्हें., बुध.
मॅडमनी फोटो मोठा करकरून बघितला. "एका ठशावर ऑपरेशनचं नाही ठरवता येत, काका. पण चांगलंय हे." मग मनूला उभी केली. पाय लाकूड. टाच वरच.
"उतरली तेव्हा समोर कोण होतं?"
कोणी नव्हतं.
"मग बरोबर. कोणी टक लावून बसलं की तिला ताण येतो, पाय ताठतो. तेव्हा तिचं लक्ष कोंबडीत होतं."
टक लावून कोण बसतं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१५ नोव्हें.
खिडकीच्या पडद्याआडून बघितलं. मनू फळीवरून सौ.ला: "आई, बाबा पडद्यात आहे." दोघी हसल्या. पाय मात्र ताठलाच.

१६ नोव्हें., रवि.
परत सारव म्हणून मनू सकाळपासून आईच्या मागे. एवढ्यात गरज नव्हती, उतारही बिघडतो. सौ.ने सारवलं.
"बाबा, तू तिकडे तोंड कर."
पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसलो. ही भिंत मीच बांधलेली. वरच्या अंगाला ओळंब्यात नाही, जरा झुकलीय. इतक्या वर्षांत आज दिसलं.
मागे सौ. खांबाजवळ. मग मनू: "हात सोड." ओल्यात पाय पडल्याचा आवाज. बराच वेळ काही नाही. परत एक.
कुंपणावरून काकी: "अगो बाय..." सौ.ने तिला गप्प केलं.
मान अवघडली. वळलो नाही.
सौ.ने पाय धुऊन तिला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. पाय गार. टाच हातात धरून बसलो. खळं, त्यातले ठसे पाठीमागेच.
"बाबा, बघितलंस?"
"नाही."
"खरंच?"
"खरंच."
जरा विचार केला तिने.
"मग उद्या पण बघू नको."