बाबांच्या गाडीचं बिल

१२ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

बाबांची गाडी विकण्याआधी नुसते ब्रेक नीट करायला गॅरेजात टाकली होती. गॅरेजवाल्याने सहा हजार सांगितले होते. काल हातात बिल ठेवलं साडेसतरा हजारांचं! मी घसा खाकरून अंदाजाची आठवण दिली. तो म्हणाला, अंदाज तो अंदाजच असतो, साहेब. मला पटल्यासारखं झालं. घरी आल्यावर हिने माझी जी बिनपाण्याने केली, ती लिहीत नाही. गाडी अजून तिकडेच आहे. बाबांना काहीच सांगितलेलं नाही. विकतोय हेसुद्धा नाही. काय करू?

गोंधळलेल्यावरही लोभ असू द्यावा,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक कानपिचकी.

तुला पटल्यासारखं झालं! उद्या तो तुझंच घर तुला भाड्याने देईल, तेही पटेल. आता ऐक. पाकीट खिशातच राहू दे. कामाची फोड लिहून माग, काढलेले जुने पार्ट समोर मांडायला लाव आणि जास्तीच्या कामाला हो कोण म्हणालं ते विचार. आवाज चढवू नकोस, तुझा लगेच चिरकतो. बायकोला बरोबर ने. खरं तर तिलाच पाठव. बाबांना मात्र कळू देऊ नकोस. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किल्ली काढून घेताना काय रामायण झालं ते आठवतंय ना?

लोभ आहेच, अक्कल आली की वाढवीन,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
खाली मान घालून सा. न.

तू सांगितलंस तसंच केलं. त्याने झिजलेली क्लचप्लेट, तडकलेला आरसा, सगळं मांडलं. मग मी छाती काढून विचारलं, हो कोण म्हणालं? तो म्हणाला, तुमचे वडील! फिरायला म्हणून निघतात ते रोज तिथल्या स्टुलावर बसतात. क्लच, आरसा, सीटची नवी गादी, सगळं त्यांनीच करायला लावलं. वर त्याला म्हणाले, मुलगा गुपचूप गाडी विकतोय, तर पैसेही गुपचूप भरेल. गॅरेजातले सगळे हसले. हीसुद्धा! पॉलिशचे आठशे मात्र कोणीच सांगितले नव्हते. ते हिने जागच्या जागी खोडायला लावले. बाकीचे मी मुकाट्याने मोजले.

हसून झाल्यावर लोभ असावा,
धाकटा

२२ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

गाडी विकण्याबद्दल एकमेकांना पानंच्या पानं लिहायला तुम्हा दोघांना वेळ मिळाला. मला विचारायला पाच मिनिटं मिळाली नाहीत. मी काही सामान नाही, की माळ्यावर टाकलं आणि विसरलं. डोळे पुन्हा तपासून घेतले. दिवसा चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लायसन्सचंही नूतनीकरण झालं.

धाकट्याचा चेहरा बघवेना, म्हणून ब्रेक सोडून बाकीचे पैसे मी त्याला परत केले. ब्रेकचे त्यानेच सोसावेत. किल्ली त्याने आपणहून माझ्या हातात दिली. थोडा रडला.

रविवारी सकाळी तुझ्याकडे येतोय. मीच चालवणार. तो शेजारी डोळे मिटून बसायला तयार आहे.

तुम्हा दोघांवर माझा लोभ आहे. तो तुमच्या परवानगीशिवाय चालू राहील.

बाबा