आठ चमच्यांचा वाडगा

२३ ऑगस्ट, शनिवार. रेडमंड

झाला! चमचा झाला. माझ्या हातचा, अख्खा लाकडी. दांडी जाड, खोलगा जरा वाकडा, पण घरी येऊन वरणभात खाऊन बघितला, ओठाला कुठे लागला नाही. दातावर वाजत नाही. चटका बसत नाही. विवेकला दाखवला. नवऱ्याचं मत: दुकानात मिळतो की. मिळू दे.

मार्ताने पाठ थोपटली. मागच्या गल्लीतली मार्ता, पोलिश, आयुष्यभर बस चालवली, पाठ थोपटते तीही ब्रेक मारल्यासारखी. तिच्या शेडमध्ये उन्हाळाभर शनिवारी जाते आहे. आज तिने फोटो दाखवले. तिकडच्या जुन्या शहरांच्या ओल्या चिखलातून निघालेले चमचे, हजार वर्षांपूर्वीचे. चिखलात हवा नाही, म्हणून लाकूड टिकलं. एकाच्या दांडीवर वेणीसारखी नक्षी. कुणीतरी रोजच्या खिमटीसाठी एवढं कोरत बसलं होतं! तेव्हा चमचा ज्याचा त्याचा, कमरेला लावून हिंडायचा. चाकूही स्वतःचा. काटा नाहीच.

३० ऑगस्ट, शनिवार

आज झोप येणार नाही.

मार्ता आणि तिची मंडळी दर ऑक्टोबरात पार्कमध्ये एक दिवस जुनं स्लाव, म्हणजे त्यांच्या पूर्वजांचं, गाव मांडतात. लिननचे कपडे, चूल, मातीची भांडी, सगळं तेव्हाचं. जेवायची भांडीसुद्धा. यंदा एक मोठा वाडगा हवा आहे, आठ जणांना पुरेल असा. मार्ता म्हणाली, तू कर.

मी? माझा सगळा अनुभव म्हणजे एक वाकडा चमचा. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, वाडगा म्हणजे दांडी नसलेला चमचा.

पुढचं ऐकून मात्र गार झाले. ताटं नाहीत. त्या एका वाडग्यातून आठही जण खाणार. घरातला वडीलधारा आधी चमचा घालणार, मग बाकीचे पाळीपाळीने. विवेकला सांगितलं. म्हणाला, "म्हणजे आठ जणांचं उष्टं." हा माणूस आमची लेक तन्वी लहान असताना तिचं उरलेलंही कधी खायचा नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन होतं. मंडळात आरतीला टाळ्या वाजवता येईनात, तळहातावर फोड.

वादळात पडलेल्या मेपलचा ओंडका मार्ताने उभा चिरून दिला. लाकूड ओलं, हिरवं. ओलं असतानाच कोरायचं, वाळलं की पटाशी चालत नाही. वाकसाने घाव घातला की ढलपी उडते आणि काकडी चिरल्यासारखा वास येतो. मार्ताच्या गोष्टी मध्येमध्ये चालूच. तिकडे भूर्जाच्या सालीचे पेले करायचे. म्हणजे आपले ऋषी ज्यावर लिहायचे, त्यातून हे लोक पाणी प्यायचे! मी तिला आपली पीठ मळायची लाकडी काठवट सांगितली. तो शब्द किती वर्षांनी तोंडात आला.

इथे तरी खरं लिहावं. शेडमध्ये मी चमच्यासाठी गेलेच नव्हते. मार्चमध्ये तन्वीने कम्प्युटर सायन्स तिसऱ्या वर्षाला सोडलं आणि खाडीपलीकडे लाकडी बोटी बांधायला शिकायला गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. वि. फोनवर तिचं नाव दिसलं की उठून बाहेर जातो. माझ्याशी ती बोलते, पण काय बोलणार? मी हवामान विचारायचे. म्हटलं, पोरीला लाकडात काय दिसतं ते बघून तरी यावं.

आता मलाच दिसायला लागलंय. ते ठरवून गेले नव्हते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कोरून झाला. केवढा देखणा आहे! दोन्ही टोकांना धरायला कान ठेवलेत. कागदी पिशवीत त्याच्याच ढलप्या भरून गराजमध्ये वाळत ठेवलाय. हळू वाळला पाहिजे, नाहीतर तडा. ऑफिसला जायच्या आधी उघडून बघते, आल्यावर पर्स खाली ठेवायच्या आधी बघते. वि. म्हणाला, बाळंतिणीच्या खोलीत डोकावल्यासारखं काय करतेस.

मीटिंगमध्ये सगळे रिलीज कधी त्यावर भांडत होते. मी मनात वाडग्याचा काठ घासत होते.

२१ सप्टेंबर, रविवार

तडा गेला.

एका कानापासून खाली, बोटभर लांब. बोट फिरवलं तर नखात अडकतो. तळापर्यंत गेला तर संपलं. नवीन करायला वेळ नाही.

वि. ने बघितलं. हसला नाही, तेवढं त्याचं कौतुक. म्हणाला इपॉक्सीचा गोंद भर, कळणारही नाही. मार्ताला विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. हजार वर्षांपूर्वीची कुठली इपॉक्सी.

मग तन्वीला फोन. व्हिडिओवर तडा दाखवला. पोरगी एकदम जवळ आली स्क्रीनच्या, नाकच दिसायला लागलं.

"आई, डोन्ट ग्लू इट. शिवूया."

लाकूड शिवायचं? म्हणाली, पूर्वी बोटींच्या फळ्या मुळांनी शिवायचे, वाडगेही तसेच दुरुस्त करायचे. फुटलं म्हणून टाकून कोण देणार. पुढच्या शनिवारी फेरीबोटीने येते म्हणाली. घरी नाही, मार्ताकडे.

२७ सप्टेंबर, शनिवार

आली. केस कापलेत, दंड केवढे झालेत. सोबत स्प्रूस झाडाच्या बारीक मुळांचं भेंडोळं, पाण्यात भिजवलेलं. तड्याच्या शेवटी आधी एक बारीक भोक पाडलं, तिथे तो थांबतो म्हणे. मग दोन्ही बाजूंनी भोकं, आणि मूळ ओवून टाके. ओढताना दातांनी धरत होती. लहानपणी शूजची लेस अशीच. वरून पाइनचा डिंक आणि मेण गरम करून भरलं. पाणी ओतलं. आम्ही तिघी खाली वाकून बघत राहिलो. थेंब नाही.

मार्ताने तिला गावच्या दिवसाला यायला सांगितलं. "बाबा असणार का?" हे तिने मला मराठीत विचारलं. असला तरी गाडीत लॅपटॉप घेऊन बसेल, म्हटलं. तिने उरलेली मुळं गोळा केली आणि म्हणाली, ओके.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पूजेला वाकस, पटाश्या, कानस मांडली. दरवर्षी लॅपटॉपला हळदकुंकू लावायचो, यंदा त्याच्याशेजारी ही. वि. ने हात जोडले, मग वाडगा उचलून बघत राहिला. टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"कुणी शिवला?"

तन्वीने.  खाली ठेवताना त्याने दोन्ही हातांनी ठेवला.

११ ऑक्टोबर, शनिवार

सगळं आत्ताच लिहून काढते, नाहीतर उद्या गोड करून लिहीन.

आधी एक नोंद. मी दोघांनाही सांगितलं होतं की दुसरा येणार आहे. दोघेही आले.

पाऊस. वि. म्हणाला पावसात तू हायवेवर नको, मी सोडतो. पार्कच्या मोठ्या छपराखाली गाव उभं. मातीची मडकी निखाऱ्याला टेकवून ठेवलेली, मातीच्या झाकणातून वाफ. एका मडक्यात कोबी आणि मशरूम. माझ्या वाडग्यासाठी मिलेट, म्हणजे आपली भगरच, लोणी घालून. मिरची नाही, बटाटा नाही, तेव्हा तिकडे पोचलेच नव्हते. आंबवलेल्या ब्रेडचं पेय एका मोठ्या लाकडी भांड्यात. त्यात बदकाच्या आकाराची पळी, बुडवायची आणि तिच्यातूनच प्यायचं. ताकासारखं लागतं! मी परत परत घेतलं.

जेवायच्या वेळी कळलं, आमच्या वाडग्यावरचे आजोबा तापामुळे आले नाहीत. मार्ता सरळ पार्किंगमध्ये गेली आणि वि. ला घेऊन आली. तिला नाही म्हणणं म्हणजे सुटलेल्या बससमोर उभं राहणं. बसवला कुठे, तर तन्वीच्या समोर. बाकीची सगळी तरुण मुलं, आणि मी.

मार्ता त्याला म्हणाली, "या वाडग्यावर मोठे तुम्ही. तुम्ही चमचा घातल्याशिवाय कुणी खाणार नाही."

चमचा तर त्याच्याकडे नव्हताच. सगळे थांबलेले. भगरीची वाफ वर. वि. माझ्याकडे बघतोय, मी वाडग्याकडे. 

तन्वीने कमरेच्या थैलीतून दुसरा चमचा काढला. तिने कोरलेला, पातळ, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. वाडग्यावरून हात लांब करून धरला. "स्पेअर," एवढंच.

त्याने घेतला. उलटासुलटा करून बघितला, जसा तो लोकांचा कोड बघतो. मग बुडवला आणि खाल्लं. मग तन्वी. मग मी, मग बाकीचे. चमच्याखाली पावाचा तुकडा धरायचा, सांडू द्यायचं नाही, आपल्याच बाजूने घ्यायचं. पाळी फिरून परत त्याच्याकडे आली. मला वाटलं आता ठेवेल. त्याने परत घातला. आठ जणांचे चमचे फिरलेल्या वाडग्यात. परत आली, परत घातला.

तिसऱ्या घासानंतर थांबून त्याने तिला विचारलं, तड्याच्या टोकाला भोक का पाडलं. पहिलं वाक्य, मार्चपासूनचं.

तन्वी म्हणाली, "ताण एका टोकाला गोळा होतो, बाबा. त्याला गोल जागा दिली की पुढे जात नाही." इंग्लिशमराठी मिसळून, पण बाबा म्हणाली.

वि. ने मान डोलावली. बोटीतही असंच का, विचारलं. मग ती सांगत होती आणि तो ऐकत होता, आणि शेजारच्या मुलाला त्याची पाळी आल्याचं मीच सांगितलं. वाडगा तळापर्यंत साफ. गळला नाही! एकदाही नाही!

१२ ऑक्टोबर, रविवार

सगळं एवढं सोपं नाही. काल परत येताना गाडीत वि. म्हणाला, हुशार आहे, म्हणूनच राग येतो. डिग्री पुरी करून काय हव्या त्या बोटी बांध. मी म्हटलं हे तिला सांग. म्हणाला, सांगितलं तर परत बोलणं बंद होईल. आणि वायपर वाढवला.

मार्ता सकाळी येऊन वाडगा बघून गेली. पुढच्या वर्षी पोळपाटाएवढं झाकणही कर म्हणते. करणार!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी तन्वीचा मेसेज. त्यांच्या वर्गाने बांधलेली बोट येत्या महिन्यात पाण्यात सोडणार आहेत. "बाबा कॅन कम. नो लेक्चर्स."

संध्याकाळी वि. ला वाचून दाखवला. त्याने परत वाचायला लावला. मग स्वतः फोन घेऊन वाचला.  कॅलेंडर बघतो म्हणून आत गेला.

मी भांडी आवरत होते. थोड्या वेळाने दारात येऊन उभा राहिला.

"अशा वेळी कपडे काय घालतात?"

मला काय माहीत. तन्वीला विचार, म्हटलं. तो अजून तिथेच उभा आहे, फोन हातात.