पहिल्या रांगेतली बाई

सूरत
दि. १२ एप्रिल, रविवार

चि. दामिनी,

लखनदादाचा आशीर्वाद. मी इथं धडधाकट आहे, तू बी बरी असशील. तुह्या खोलीतल्या अंकितालेही नमस्कार सांगजो. तिचं नाव पुढं येणारच आहे, म्हणून आधीच नमस्कार घालून ठेवतो.

पत्र काऊन लिहिलं, असं तू म्हणशील. फोन तू मधातच कापते. "दादा, माहा रियाज आहे," म्हणते अन् कट. कागद बी फाडता येते, पण त्याच्यासाठी आधी उघडा लागते. मी आठवीतून सुटलेला माणूस, काना-मात्रा चुकल त हसून घेजो. तुले हसणं जमते, मले माहीत आहे.

इकडची खबर म्हणजे वरचे पत्रे उन्हानं तापून राह्यले अन् शेठनं माह्याकडं आणखी लूम दिले. खात्यात, म्हणजे आमच्या लूमच्या कारखान्यात, बोललेलं ऐकूच येत नाई. कानात ओरडलं तरी फुकट. मंग आमी आवाज काढतच नाई. नुसते ओठ हलवतो, समोरचा वाचून घेते. गोंदियाचा गुलाब पार तिकडच्या टोकावरून मले शिव्या देते, मी इकडून परत करतो. शेठ मधात उभा असला तरी त्याले पत्ता नाई लागत.

हे सांगाचं कारण आहे. थांब जरा.

तुहा मेसेज भेटला. "दादा, फायनलच्या मंचप्रदर्शनाले आईले येऊ देजो नको. बाहेरचे परीक्षक येणार आहे. मागच्या टाइमाले तिनं माहं वाटोळं केलं." मी गुलाबले बी वाचून दाखवला. तो म्हणे, "बहीण चांगली शिकलेली दिसते."

वाटोळं कसं झालं ते मले आईनं सांगितलं. समुद्रपूरहून पहिल्या एसटीनं आली, ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. तू डोळे मिटून आलाप घेऊन राह्यली होती. तुहा हात वर गेला अन् आईनं टाळी धरली. आपल्या भजनातली, ठेक्याची. सारा हॉल चूप अन् एकटी आई टाळ्या पिटून राह्यली. तबल्यावरचा पोट्टा हसला, मंग हॉल हसला, मंग तुह्या सरांनी हात करून गाणंच थांबवलं.

ती टाळी तिले शिकवली कोणं? तूच. फ्रॉकमधी होती तवा मंडळाच्या भजनात मधात बसून गायची. तुहा हात वर गेला की बायांनी टाळी उचलाची, हा तुहाच हुकूम होता. कोणी चुकलं की तू गाणं थांबवून डोळे वटारायची. आई तुह्या हाताकडंच पाहत बसे.

आता तू म्हणशील, तिथं भजन होतं का? आलाप चालू आहे, ठेका धरला नाई, एवढं कोणालेही समजते. खरं आहे. एवढं फक्त बहिऱ्यालेच समजत नाई.

बहिऱ्यालेच, दामिनी.

पोळ्याले गावी गेलतो. आई चुलीपाशी, मी ओसरीत. खात्याची सवय, म्हणून आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "चहा ठेव." आई म्हणे, "दूध नाई रे बाप्पा, काळा चालते का?" मी मान हलवली अन् मंग ध्यानात आलं. मी आवाज काढलाच नव्हता, अन् आवाज नव्हता हे तिले समजलंच नव्हतं. मागं जाऊन मी पितळेची परात आदळली. शेजारची गोपिका धावत आली. आई आपली चूल फुंकत बसली.

कापसाच्या जिनिंगमधी इतके वर्ष मजुरी केली, त्यानंच कान खाल्ले तिचे. सरकी काढाच्या मशिनी, ते रेचे, त्यांच्या आवाजात तिथल्या बाया एकमेकींच्या तोंडाकडं पाहूनच बोलते, तिथंच शिकली ती. तुले कळलं त तू शिक्षण सोडून घरी येशील, असं तिले वाटते. म्हणून माह्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली. आज मी ती मोडून राह्यलो. माह्या डोक्याचं काय व्हायचं ते होवो.

तू पाठवते ते गाणे ती मोबाईल समोर धरून पाहते. म्हणून म्हणते, आवाजाचं नको, व्हिडिओच पाठवजो. तुले वाटत असल, म्हातारीले माह्या तोंडाचं भारी कौतुक. मंग गोपिकाले विचारते, "आता कसा झाला वो पोरीचा आवाज?" आईच्या कानात तुहा आवाज अजून त्या फ्रॉकातल्या पोट्टीचा आहे. अन् आलापात शब्दच नसते, वाचाले काईच नाई. तिले हात दिसला, तिनं टाळी देल्ली.

आता अंकिता.

नंतर तू आईले व्हरांड्यात नेऊन झाडलं, ते सोड. ते तोंडावर बोलली. त्याच्या आधीचं सांगतो. आई खुर्चीवर, तू पार तिकडं पडद्यापाशी. अंकितानं विचारलं, "ती बाई कोण?" तू तिच्या कानाशी लागली. एवढी हळू बोलली की बाजूच्या माणसाले बी गेलं नसल. मधात किती खुर्च्या. चांगल्या कानाच्या माणसाले ते ऐकू येणंच शक्य नव्हतं.

आईनं मले व्हिडिओ कॉलवर शब्दन् शब्द सांगितलं. "आमच्या गावची बाई आहे, गाडी भेटली म्हणून आली असल."

मंग म्हणे, "खोटं कुठं बोलली? गावचीच त आहो मी." अन् हसली. रडली असती त मी हे पत्र लिहिलं नसतं.

ती म्हणते, नाई येत. मी म्हणतो, येतेस. मी सुट्टी टाकली, गाडीचं तिकीट काढलं. पहिल्या रांगेत बसवणार, बराबर तुह्या समोर. टाळीची काळजी करू नको. तिचे दोन्ही हात मी धरून बसतो. तू कितीही हात वर कर, टाळी नाई वाजणार. परीक्षकांनी खुशाल मार्क द्यावे. तू फक्त तोंड नीट उघडून गाजो. तिले तेवढंच भेटते.

गाणं झालं की मी अंकिताले जवळ बोलावतो अन् सगळ्यांसमोर पुन्हा तेच विचारा लावतो, ती बाई कोण? तुहे सर असतील, परीक्षक असतील, तो हसणारा तबलेवाला असल. लाज वाटली त आवाज काढू नको. नुसते ओठ हलव. जिले वाचाचं, ती वाचल.

तुह्या गावच्या बाईचा पोरगा,
लखन