काचेचा डावा कौल

देवबाग
६ डिसेंबर २०१०, सोमवार

चि. योगिनीला आजीचा आशीर्वाद. इकडे सगळे जिवंत आहोत. तिकडे तू, शौनकराव आणि पोटातलं, तिघंही धड असाल असं धरून चालते.

शेजारच्या हरिश्चंद्राने दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आहे. ते लोक सकाळी आपल्या होडीपुढे उभे राहून फोटो काढतात आणि वास येतो म्हणून नाक धरतात. फोटोत वास उतरत नाही ते एक बरं. बांगडा चांगला लागतोय. माझं खाणंपिणं ठीक. झोप येत नाही, पण म्हातारीला झोप कशाला हवी.

आता तू पाठवलेल्या लॅपटॉपचं. त्याची काच माझ्या हातून फुटली. केर काढताना धक्का लागला आणि तो टेबलावरून पडला. तसाही मी त्याच्यावर पोळपाट ठेवला होता, त्या वजनाने आधीच काय ते झालं असेल. तुझ्या बाबाचा त्यात हात नाही. तुळसाने परवा तुला फोनवर काय सांगितलं ते मला तिनेच येऊन सांगितलं. तू म्हणालीस, "बाबांनीच रागाने फोडला असणार. आता मी यायची नाही, बाळंतपण इथेच करीन." तुळसा मासे विकते तशी बातमीही विकते, दुपारपर्यंत काही उरत नाही. पण तुझं बोलणं तिने वाढवून सांगितलं असं मला वाटत नाही. तू तशी बोलतेस.

आणि काल संध्याकाळी तुझा फोन त्या लॅपटॉपवर आला, तो आम्ही तोडला नाही. बोट लावून चालणारा तो पडदा तडा गेल्यापासून आपल्या मनाने चालतो. कुणी बोट न लावता चित्रं उघडतात, मिटतात. तुझा फोटो आला, घंटा वाजली, आणि मी हात पुसून येईपर्यंत त्यानेच तुला घालवून दिलं. मालवणच्या दुकानदाराने सांगितलं होतं, वरची काच मुंबईहून येईल, तोवर बंद ठेवा. बंद कोण ठेवतो? रविवार आला की तुझा बाबा तो उघडून ठेवतो आणि आपण मागच्या दारी जाऊन बसतो.

वर लिहिलेलं वाचून बघितलं. दोन थापा मारल्यात आणि एकीची दुसरीशी ओळख नाही. चौथी शिकलेल्या बाईने थाप एकच मारावी. मला कंटाळा आलाय योगिनी. दोन वर्षं तुझा निरोप त्याला आणि त्याचं गप्प बसणं तुला, अशी माझी फेरी चालली आहे. आता खरं ते लिहिते.

काच तुझ्या बाबाकडूनच, माझ्या सत्यवानाकडूनच फुटली. पण रागाने नाही.

तू लग्न परस्पर केलंस तेव्हापासून तो तुझ्याशी बोलला नाही, ते तुला ठाऊक. तुला ठाऊक नाही ते असं, की तू मला दिसायचीस तेव्हा तो दाराआड उभा असायचा, त्या यंत्राच्या डोळ्याला दिसणार नाही असा. तुला सातवा लागल्याचं त्याने तिथेच ऐकलं. चार दिवस जेवणात लक्ष नव्हतं. मग एका पहाटे बघते तर लॅपटॉप आणि तो नेटचा तुकडा जागेवर नाही. होडीवर घेऊन गेला. पाण्यात थोडं पुढे गेलं की रेंज चांगली येते आणि ऐकायला घरचं कोणी नसतं. तुला म्हणायचं होतं, पहिलं बाळंतपण आहे, माहेरी ये.

मी नंतर विचारलं, "तुझ्याकडे मोबाईल आसा मां? त्येच्यावर बोलूक काय झालां?"

म्हणाला, "तोंड बघल्याशिवाय सांगूक जमाचा नाय, आये."

होडीवर कोरडी जागा एकच, बर्फ न भरलेला थर्माकोलचा खोका. विड्या, काडेपेटी, मोबाईल, सगळं त्यातच. याने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून तिथे ठेवला. तुला लावून बघितलं तर तू नव्हतीस, कामावर असशील. म्हणाला परतताना बघू. तेवढ्यात जाळं भरून आलं आणि होडीवरच्या गंगारामाने झाकण लावलेला खोका दिसला तसा तळाला सरकवला, वर बांगड्याचे खोके रचले. तो रोज तेच करतो, त्याला काय बोलणार. किनाऱ्यावर उघडला तेव्हा काचेवर मधोमध कणा आणि दोन्ही बाजूंना बारीक काटे, अगदी पापलेट खाऊन टाकल्यासारखं.

घरी येऊन म्हणाला, "देवान डावो कौल दिल्यान, नाय म्हणालो. तिका हाडूची न्हय, असाच आसा तां. आये, तू सांग, तुझ्या हातसून पडलो म्हणान. तुझ्यावर ती रागावाची नाय."

मी म्हटलं, "काचेक कधीपासून कौल लावूक लागलंस रे? देवळात पाकळी उजवी पडांदे, डावी पडांदे, देव निदान प्रश्न ऐकान घेता. तू प्रश्न इचारलंस खंय?"

त्यावर तो उठून जाळं घेऊन बसला. तुमच्या घराण्यात उत्तर देताना जीव जातो. तू पण तसलीच. तुझी आई असती तर तिने दोघांना एका खोलीत कोंडलं असतं.

हे आमंत्रण नाही. ते त्याने द्यायचं आहे. तुला यायचं नसेल तर तसं त्याला सांग, मला नको.

येत्या रविवारी दुपारी तो जाळं विणायला बसेल. जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं असतं आणि दोन्ही हात गुंतलेले, चटकन उठता येत नाही. तू त्याच्या मोबाईलवर फोन कर. मी उचलून त्याच्या कानाला लावीन. काचेचं विचारू नकोस. तो आधी काही बोलणार नाही, जाळ्याच्या गाठी ओढल्याचा आवाज येईल, तो ऐक. ठेवून देऊ नकोस.

तो बोलेपर्यंत मी फोन धरून उभी राहणार आहे. माझे गुडघे आता पूर्वीचे नाहीत, एवढं दोघांनी लक्षात ठेवा.

उभी असलेली,
तुझी आजी चंद्रावती