आईचं जेवण वाजतं

प्रिय ठोंब्या,

तू हसलास ते मला अजिबात आवडलेलं नाही. आठ दिवस तुझ्या घरी राहून आले आणि तोंडातून ब्र काढला नाही, कारण तुझी बायको सतत आसपास होती. तिच्यासमोर तुझे कान उपटले असते तर तुझ्याआधी तीच रडली असती. फोनवर बोलायची सोय नाही. तू फोन स्पीकरवर टाकतोस आणि माझं बोलणं खालच्या दुकानापर्यंत ऐकू जातं. म्हणून पत्र. तेही घरी न पाठवता तुझ्या टायरच्या गोदामाच्या पत्त्यावर मुद्दाम टाकलंय. तिथेच वाच. मालकाने विचारलं तर सांग, आईने शिव्या पाठवल्यात. खोटं बोलल्याचं पाप लागणार नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा वेलांट्या तपासत बसू नकोस. कागदाच्या मागे आमच्या कॅन्टीनचा आठवड्याचा मेनू आहे, तोही वाचू नकोस, उगाच भूक लागेल.

मुद्दा आधीच सांगते, मला घोळ घालता येत नाही. तुझी बायको वाळत चालली आहे. बाळ सात महिन्यांचं, अजून तिच्याच अंगावर पितं, आणि तिचा गाऊन कमरेला दोन पिना लावून आवळलेला. मी असतानाच एकदा बाळाला घ्यायला उठली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. विचारलं तर म्हणाली, पायाला मुंग्या आल्या. मुंग्यांनी ओठ पांढरे होत नाहीत एवढं मला चौथीतही कळत होतं. आणि तू? तू दाढी करताना आरशातून मला सांगत होतास की ओव्हरटाइम बंद झाला तरी आपलं काही अडलं नाही, ही निम्म्या किराण्यात घर चालवते, गोदामात सगळे तिचं नाव काढतात. काढतील नाहीतर काय. त्यांना कुठे त्या निम्म्या किराण्यावर जगायचंय.

आता माझंही ऐक. मीही तिचं नाव काढत होते. बाळ झालं तेव्हा मी महिनाभर येऊन राहिले होते आणि तिला किराण्याचे धडे दिले होते, आठवतंय? मला कोणी विचारलं नव्हतं, पण मला कोणी विचारावं लागत नाही. खालच्या दुकानातून तेलाची, शाम्पूची, चहाची चिमूटभर पाकिटं आणायची नाहीत, ती पाकिटं म्हणजे गरिबाच्या खिशाला पाडलेलं भोक. तेलाचा मोठा डबा समोरच्या शिवणकामवाल्या बाईबरोबर अर्धा-अर्धा घ्यायचा. भाजीला बाजार उठायच्या वेळी जायचं, तेव्हा भाजीवालीलाही घरी जायचं असतं आणि ओझं परत न्यायचं नसतं. तुकडा तांदूळ घ्यायचा. अख्खा काय आणि तुकडा काय, पोटात गेल्यावर दोन्ही सारखेच. फ्लॉवरचे दांडे फेकायचे नाहीत, मुळ्याचा पाला फेकायचा नाही, शिळा पाव अंड्यात बुडवून तव्यावर टाकायचा. आणि दुकानात जाताना पोट भरलेलं हवं, बरोबर थोरली पोरगी नको. उपाशी माणूस आणि चार वर्षांचं पोर, दोघांचीही नजर बिस्किटांवरच जाते. तिने सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं होतं. मी एकदा बोललेलं कोणी लिहून घेतलं तर मला केवढं चढतं, तुला माहीत आहे.

यावेळी मी चुका काढायच्या तयारीनेच आले होते. एक सापडली नाही. धुतलेल्या बरण्या ओळीने, डाळी निवडलेल्या, दांड्यांची भाजी अशी केलेली की तू दोनदा मागितलीस आणि तुला कळलंही नाही की ते दांडे होते. मी शेर तर सून सव्वाशेर. उलट चूक सापडली ती तुझी. रोज येताना ती गोड फसफसणारी बाटली आणतोस. कशाला? घरात पाण्याचा नळ आहे. एका बाटलीच्या पैशात दोन अंडी येतात, हिशेब संपला. पोरीला ती आवडते म्हणू नकोस. पोरीला साबण खायलाही आवडत होता.

तर चूक सापडेना म्हणून मी पातेल्यात डोकावले. एकवीस वर्षं कॅन्टीनमध्ये साठ-साठ माणसांचं शिजवते आहे. मला वजनकाटा लागत नाही. पातेलं बघितलं की मला ताटं दिसतात. तुमच्या भाताच्या पातेल्यात मला तीन ताटं दिसली. तू, मी आणि पोरीचं अर्धं, म्हणजे अडीच. राहिलं अर्धं. म्हटलं, आज अंदाज चुकला असेल तिचा. दुसऱ्या दिवशीही तीनच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम कमी खाल्लं, तर उरलेला भात तिने तुझ्या दुसऱ्या दिवशीच्या डब्यात भरला. रोज तेच, तुम्ही बसा, मी बाळाला निजवून मागून बसते. आणि तू बसायचास. पाय पसरून, एका हातात मोबाईल, मान खाली, घास वर. बायको कुठे आहे, जेवली की नाही, याचा पत्ता नाही. बापावर गेलास. तो निदान मोबाईल बघत नव्हता, भिंत बघायचा.

आमच्या कॅन्टीनची एक रीत आहे, तुला कधी सांगितली नसेल. साडेबाराला वाढायची खिडकी उघडते, पण बाराला आम्ही शिजवणाऱ्या सहाजणी आधी जेवून घेतो. बाहेर रांग लागली, लोक ताटल्या वाजवायला लागले, तरी आधी आम्ही. हा नियम कॅन्टीन चालवणाऱ्या आमच्या मोठ्या बाईचा. तिच्या वेळी एक स्वयंपाकीण भरल्या रांगेसमोर चक्कर येऊन पडली होती, हातात उकळत्या डाळीची बादली घेऊन. ती स्वतः वाचली, पाय भाजले. तेव्हापासून मोठी बाई म्हणते, उपाशी हाताने कोणाला वाढायचं नाही. मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी तिने मला ताटावर बसवलं तेव्हा मला घास गिळवेना. सगळ्यांच्या आधी जेवायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटत होतं. तिने माझा खांदा दाबून परत बसवलं होतं.

आता तुझ्या हसण्याकडे येते. सहाव्या दिवशी आपण दोघं जेवून हात धुवून बसलो होतो. आत स्वयंपाकघरात ती एकटी. पातेल्यात पळी फिरल्याचा आवाज आला. खरड, टण, खरड, टण. तू हसलास आणि म्हणालास, "ऐक, हिचंही जेवण वाजतं. अगदी तुझ्यासारखं." लहान असताना तू सगळीकडे सांगत फिरायचास, आमच्या आईचं जेवण वाजतं. मावशीसमोर नक्कलही करून दाखवायचास, वाटी आणि चमचा घेऊन. सगळे हसायचे. मीही हसायचे.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता, ठोंब्या. मी उठून आत गेले. पाणी प्यायला गेले असं दाखवलं. ती ओट्याला टेकून उभी होती. पातेलं घासूनपुसून कोरडं, त्यात शीत नाही. आणि ही पळी वाजवत होती. मला बघून पळी थांबली. ती म्हणाली, "आई, त्यांना सांगू नका. तुम्हीच म्हणाला होतात, निम्म्यात होतं." मी पाणी प्याले आणि बाहेर आले. उरलेल्या दोन दिवसांत रोज तिच्यासमोर बसून तिला अंडं खायला घातलं, माझ्याबरोबर खा म्हणून, आणि निघून आले.

रिकामं पातेलं वाजवायची ती युक्ती माझी आहे. तुझ्या बापाचं काम सुटलं ते वर्ष मी त्याच आवाजावर काढलं. तो बाहेर बसलेला असायचा, त्याने ऐकावं म्हणून रिकामं पातेलं खरवडायचे. माणूस भिंतीकडे बघत असला तरी कान उघडे असतात ना. मग तुला मावशीकडे दोन महिने ठेवलं, आई परगावी कामाला गेली असं सांगून. तिच्या कुत्र्याबरोबर तू मजेत होतास, अजून सांगतोस. ते काम नव्हतं. मी इस्पितळाच्या खाटेवर होते, अंगात रक्तच राहिलं नव्हतं. तुझ्या बापाला डॉक्टरने सांगितलं तेव्हा त्याला कळलं, आणि तो मरेपर्यंत मला ताटावर बसवल्याशिवाय घास घेत नव्हता. तुझ्या बायकोला मी तेल सांगितलं, तांदूळ सांगितले, दांडे सांगितले, आणि वर ऐटीत म्हटलं, मी याच्या निम्म्यात घर चालवलं आणि कोणी उपाशी उठलं नाही. त्या 'कोणी'मध्ये मी स्वतःला धरलंच नव्हतं. तिने माझं सगळं शिकून घेतलं, आणि जे मी लपवलं तेही स्वतःच शोधून काढलं. पोरगी हुशार आहे, हे मी आधीच म्हटलं.

तर आता काय करायचं ते. तुकडा तांदूळ, दांडे, अर्धा डबा, हे सगळं चालू ठेवायचं, त्याने कोणी मरत नाही. गोड बाटली बंद, रोज दोन अंडी, दोन्ही तिची. घरी गेल्यावर मोबाईल बुटांच्या फळीवर ठेवायचा. बाळ तू घ्यायचं, पहिलं ताट तिचं वाढायचं आणि ती जेवेपर्यंत तू उभं राहायचं. अवघडेल ती, घास गिळवणार नाही तिला. खांदा दाबून परत बसव. मी हे लिहिलंय असं सांगू नकोस. आणि जेवलीस का, असं मुळीच विचारू नकोस. हो म्हणेल, मीही म्हणायचे. विचारायचं नाही, बघायचं. चार दिवस नीट बघ आणि तिने काय काय खाल्लं, किती खाल्लं, ते स्वतःच्या हाताने लिहून पाठव. मला उत्तर शुक्रवारपर्यंत हवं. नाही आलं, तर शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी कॅन्टीनचं मोठं पातेलं घेऊन तुझ्या दारात उभी राहीन, आणि तेव्हा जे वाजेल ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल.

तुझीच,
आई