होडी ओढणारा ट्रॅक्टर

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

मस्कत,
१२ फेब्रुवारी १९८६

ती. जयाताईस,
अनंताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांचा निरोप तू जसाच्या तसा लिहिलास ते बरं केलंस. वैशाखात होडी वर घ्यायला ये, नाहीतर मी होडी काढून टाकतो, असं म्हणाले ना? त्यांचं खोटं नाही. पूर्वी होडी ओढायला अख्खी आळी यायची. आता अर्धी आळी बोरिवलीला नोकरीत आणि बाकीची माझ्यासारखी कुठे कुठे पांगलेली. पावसाआधी होडी किनाऱ्यावर चढली नाही तर लाटा तिच्या फळ्या सुट्या करतील, हे गोराईच्या पोराला सांगावं लागत नाही. पण मी मध्येच आलो तर इथली नोकरी गेली. आणि खरं सांगू, मी येऊन एक माणूस वाढणार. एका माणसाने होडी चढते काय?

म्हणून माझ्याऐवजी ट्रॅक्टर पाठवतोय. हसू नकोस.

साकीनाक्याच्या वर्कशॉपात माझ्या शेजारी काम करायचा तो दत्ताराम आठवतो ना, मालवणचा, माझ्या डब्यातले बोंबील उचलायचा तो? त्याच्या शेडमागे एक जुना अमेरिकन ट्रॅक्टर पडला होता. डिझेलचा आहे, पण उठतो पेट्रोलवर. आधी पेट्रोल सोडून हँडल मारायचं, थोडा गरम होऊ द्यायचा, मग बाजूचा दांडा ओढला की डिझेलवर जातो. ओढायला हत्ती आहे म्हणतो. मी घेऊन टाकला. दत्ताराम स्वतः भाईंदरच्या रस्त्याने घेऊन येईल आणि बाबांना शिकवेल. त्याला जेवल्याशिवाय सोडू नका.

आईला नमस्कार. भावोजींना सांग, आता ओढायच्या दिवशी कंबर दुखायचं नाटक करायला नको. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
अनंता

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

गोराई,
१८ मार्च १९८६

चि. अनंता यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा हत्ती रविवारी आला. आधी लोकांना वाटलं, शूटिंगवाले आले. बाबा घरातून बाहेर येईनात. म्हणाले, पोरगा येणार होता, हे लोखंड कशाला आलं? दत्तारामने हँडल मारलं तेव्हा असा फाटकन बार झाला की शकुमावशीच्या कोंबड्या कौलांवर गेल्या. निळा धूर, मग काळा धूर, आणि मग ते धड धड धड चालू राहिलं. संध्याकाळपर्यंत बाबा हळूच जवळ जाऊन उभे.

आता दुसऱ्या कोणाला हँडलला हात लावू देत नाहीत. पेट्रोल कधी, दांडा कधी, सगळं पाठ झालंय. विचारणाऱ्याला सांगतात, हा आपल्या बाजारातल्या शेठसारखा आहे, सकाळी इंग्लिशचा एक घोट लागतो, मग दिवसभर ताडीसुद्धा चालते. आईने नारळ फोडला. तुझ्या भावोजींनी पेढे वाटायचं कबूल केलं आणि वाटले नाहीत, ते तू समजून घे.

काल शकुमावशीची लहान होडी ओढून बघितली. बाबा ट्रॅक्टरवर आणि खाली फक्त दोन माणसं. होडी सुळकन वर आली रे! बाबा मोठ्याने हसले. मग घरी येताना म्हणाले, पोराने बदली माणूस बरा पाठवला. मी ते तुला लिहू की नको असा विचार केला, पण लिहिलं.

तब्येत सांभाळ. रागावलीस का असं विचारू नकोस, रागावले असते तर एवढं लिहिलं नसतं.

तुझी,
जयाताई

मस्कत,
८ एप्रिल १९८६

ती. जयाताईस,
अनंताचा सा. न. वि. वि.

ताई, पत्र वाचून मी कॅम्पात सगळ्यांना चहा पाजला. एकदम झकास!

आता नीट ऐक. माझं मन इथे लागत नाही. तिथे होतो तेव्हा तिथेही लागत नव्हतं, तू म्हणशीलच. पण बाबा म्हणाले ते वाचल्यापासून डोक्यात एकच चाललंय. मनोरीपासून उत्तनपर्यंत सगळ्यांच्या होड्या आहेत आणि ओढायला माणसं नाहीत. बाबांनी होडी चालवावी, मी ट्रॅक्टर चालवावा. जूनमध्ये माझा करार संपतो. साहेबाला सांगून टाकलंय, पुढचा करार करणार नाही. मी येतो, ताई, कायमचा. फक्त या पावसाआधी आपली होडी वर चढू दे, होडीच नसली तर मी येऊन काय करू? बाबांना हे वाचून दाखव.

ट्रॅक्टर चढावर तापतो का तेवढं कळव. मला आता कामासाठी आत वाळवंटात नेतायत, पत्र मिळायला उशीर होईल.

आठवण काढत जा, उचकी लागली की मी समजेन.

तुझा,
अनंता

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

गोराई,
२८ एप्रिल १९८६

चि. अनंता यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी माळ्यावरून तुझी खाट खाली उतरवली आणि उन्हात टाकली. आई गल्लीभर सांगत सुटली आहे. आता पलटलास तर मी तुला सोडणार नाही.

होडी वैशाख पौर्णिमेच्या उधाणाला वर घ्यायची ठरली. भरतीने तिला जमेल तितकी वर आणून सोडायचं, तिथून पुढे ट्रॅक्टर.

तापतो का विचारलंस. तापतो रे, वाफ सोडतो. पण बाबांकडे उपाय आहे. उकळून पाणी कमी झालं की समुद्रावर डबा भरतात आणि ओततात. मी म्हटलं, विहिरीचं घालू या का. तर आईच अंगावर आली. विहीर तळाला गेली आहे, हंड्यामागे बायका भांडतायत. बाबा म्हणाले, माणसांना पुरत नाही ते लोखंडाला कुठून घालू? आपल्या होडीचं इंजिन जन्मभर समुद्रच पितंय, त्याचं कधी डोकं दुखलं नाही. मलाही ते पटलं. पहिल्या दिवसापासून तेच घालतायत.

तुझ्या वाटेकडे आम्ही सगळे डोळे लावून आहोत, उगाच उशीर करू नकोस.

तुझी,
जयाताई

मस्कत,
२३ मे १९८६, शुक्रवार

ताई,

नमस्कार वगैरे तुझ्या पायाशी. काल वाळवंटातून परत आलो आणि तुझं पत्र हातात पडलं.

ट्रॅक्टर चालू करू नका. ते समुद्राचं पाणी सगळं काढून टाका, खालचा नळ सोडा, गोड्या पाण्याने दहा वेळा धुवा, दत्तारामला बोलवा. होडीच्या इंजिनात समुद्र एकीकडून येतो आणि दुसरीकडून निघून जातो. इथे तो आतच राहतो. पाणी उकळून जातं, मीठ मागे राहतं. वर पुन्हा डबा. म्हणजे पुन्हा मीठ. आतल्या नळ्या बंद झाल्या तर ओझं घेतल्यावर इंजिन तापून जाम होऊन बसेल.

दत्तारामने पेट्रोलचं सांगितलं, डिझेलचं सांगितलं, दांड्याचं सांगितलं. पाण्याचं कोण कुणाला सांगतं?

आज इथे सुट्टी. कॅम्पातून शहरात गाडी उद्या जाईल, तेव्हा तार करतो. आणि पौर्णिमा आज आहे. मी इथे बसून लिहितोय आणि तिथे कदाचित बाबा हँडल मारतायत. देवा, एवढा दिवस काहीतरी आडवं येऊ दे. कोणी आजारी पडू दे, पेट्रोल मिळू नये, काहीही.

अनंता

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

गोराई,
३१ मे १९८६

चि. अनंता यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी तार सोमवारी आली. होडी शुक्रवारी गेली.

तू विचारणार, म्हणून सगळं लिहिते. भरती चढत होती. होडी ओंडक्यांवर अर्धी आली, मागची बाजू पाण्यात. बाबा वर बसलेले, दोर ताणलेला, आणि ट्रॅक्टरमधून वाफेचा लोट. थांबवला तर होडी मागे घसरेल म्हणून ते थांबवेनात. अजून थोडं, अजून थोडं करत राहिले. मग आतून कडकन आवाज आला आणि सगळं गप्प झालं. बाबांनी उडी मारून हँडल धरलं. फिरेना. तुझे भावोजी लोंबकळले, तरी फिरेना. पेट्रोलचा डबाच्या डबा ओतला.

तोवर होडी लाटांना आडवी झाली. सगळे ओरडत होते, दोर कापा, निदान पाण्यात तरी सुटेल. बाबा कोयता घेऊन उभे राहिले आणि कापला नाही. एकदा फक्त चालू होऊ दे, एकदाच, एवढंच म्हणत होते. मी आणि शकुमावशी आणि बायका मिळून ओढलं रे अनंता, हाताची सालं गेली. कोयता माझ्या हातात आला तोपर्यंत मधला कणा मोडला होता.

दत्ताराम रविवारी आला. झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाला, मिठागर झालंय. मग सावरून बाबांना म्हणाला, इंजिन जुनंच होतं काका, कधीतरी जाणारच होतं. बाबांनी आत बोट घातलं आणि जिभेला लावलं.

टेकडीखाली एका शेठचा बंगला होतोय. तिथे राखणीला माणूस हवा होता. बाबा परवापासून जातात. डोक्याला टोपी दिली आहे.

तुझ्यासाठी त्यांनी निरोप सांगितलाय. मी तीनदा विचारलं, हेच लिहू का? हो म्हणाले. येऊ नकोस म्हणून लिही. करार कर. इथे येऊन तो काय माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसणार? ज्या कामाला त्याला बोलवत होतो ते काम राहिलं नाही.

आई जेवत नाही, पण तू आईसाठी येऊ नकोस. बाबांना तुझ्यासमोर ती टोपी घालायला जमणार नाही. एवढं माझं ऐक.

माझा हात तुझ्या डोक्यावर आहे, लांबून आहे एवढंच.

तुझी,
जयाताई

मस्कत,
२० जून १९८६

ती. जयाताईस,
सा. न. वि. वि.

सही केली. आणखी दोन वर्षं. बाबांना सांग, ऐकलं म्हणावं.

बॅग भरली होती, ती तशीच खाटेखाली आहे. उघडली नाही. साहेबाने मला गॅरेजात टाकलंय. सकाळी सगळ्या गाड्यांचं पाणी बघायचं काम माझं. या देशात नदी नाही, विहिरी मोजक्या. इथे समुद्राचं पाणी कारखान्यात नेऊन त्यातलं मीठ काढतात, ते गोडं करतात आणि टँकरने पाठवतात. प्यायलाही तेच आणि गाड्यांना घालायलाही तेच. मी रोज डबे भरून ओततो.

एवढं बाबांना वाचून दाखवू नकोस.

आईला जेवायला लाव. रागाचं काही उरलं असेल तर ते माझ्या नावावर ठेव, बाबांच्या नको.

अनंता